अध्यासनासाठी संशोधक निवडताना

कॅनडाच्या केंद्र सरकारने २००० साली ‘कॅनडा रिसर्च चेअर्स’ ही योजना सुरू केली. देशभरातील विद्यापीठांत २,००० संशोधन-अध्यासने उभारायची, देशाबाहेर निघालेले संशोधक थांबवायचे आणि बाहेरचे आणायचे, हा तिचा हेतू होता. अध्यासने दोन श्रेणींची आहेत. पहिली श्रेणी आपल्या विषयात जगभर नाव झालेल्या प्राध्यापकांसाठी असते. मुदत ७ वर्षे आणि विद्यापीठाला मिळणारा निधी वर्षाला २ लाख डॉलर. दुसरी श्रेणी उमेदीच्या संशोधकांसाठी असते. मुदत ५ वर्षे, निधी वर्षाला १ लाख डॉलर आणि मुदतवाढ एकदाच. स्त्रीवादी माध्यम-अभ्यासासारख्या तुलनेने तरुण विषयाला नेतृत्व कसे मिळते, हे या दुसऱ्या श्रेणीत स्पष्ट दिसते. माँट्रियलच्या काँकॉर्डिया विद्यापीठात या विषयाचे अध्यासन निर्माण झाले. क्रिस्टा लाइन्स यांनी ते सांभाळले आणि ‘फेमिनिस्ट मीडिया स्टुडिओ’ ही संशोधनाची जागा तिथे उभी राहिली.

या योजनेत संशोधक स्वतः अर्ज करत नाही. विद्यापीठ त्याचे नाव सुचवते. त्याआधी कोणत्या विषयात अध्यासन हवे, हे विद्यापीठाला आपल्या संशोधन-आराखड्यानुसार ठरवावे लागते. मग खुली जाहिरात, निवड समिती, मुलाखती आणि नाव निश्चित झाल्यावर केंद्रीय सचिवालयाकडे प्रस्ताव. तिथे त्या विषयातील तज्ज्ञ प्रस्ताव तपासतात. राष्ट्रीयत्वाची अट नाही, त्यामुळे पुण्यात किंवा हैदराबादेत पीएच.डी. केलेल्या व्यक्तीलाही दार मोकळे असते. मात्र खरी निवड पहिल्याच पायरीवर, विषय ठरतानाच सुरू होते. विद्यापीठाने जाहिरातीत नुसते ‘डिजिटल माध्यमे’ म्हटले, तर स्त्रीवादी अभ्यासकाला आपला विषय त्या चौकटीत बसतो हे आधी पटवून द्यावे लागते. ‘स्त्रीवादी माध्यम-अभ्यास’ असे लिहिले, की हा विषय स्वतंत्र ज्ञानशाखा आहे हे विद्यापीठाने मान्य केलेले असते.

या ज्ञानशाखेला आता अर्ध्या शतकाचा इतिहास आहे. लॉरा मल्वी यांनी १९७५ साली चित्रपटातील पुरुषी नजरेची मांडणी केली. गे टकमन यांनी १९७८ साली अमेरिकी प्रसारमाध्यमे स्त्रियांना एक तर गाळतात किंवा क्षुल्लक ठरवतात, हे दाखवले. पुढे जॅनिस रॅडवे, इएन आंग आणि अँजेला मॅकरॉबी यांनी प्रणयकादंबऱ्या, दूरचित्रवाणी मालिका आणि मुलींची मासिके यांकडे गांभीर्याने पाहिले. वाचणाऱ्या-पाहणाऱ्या स्त्रिया त्यांतून काय घेतात, हा प्रश्न त्यांनी मध्यभागी आणला. कॅनडाचा वाटा यात मोठा आहे. तिथल्या नॅशनल फिल्म बोर्डाने १९७४ साली ‘स्टुडिओ डी’ हा स्त्रियांचा चित्रपट-विभाग सरकारी पैशांतून सुरू केला आणि तो १९९६ पर्यंत चालला. त्याच १९७४ साली मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे केंद्र सुरू झाले. १९९५ साली जगातील बातम्यांमध्ये स्त्रिया किती दिसतात, याची पहिली मोजणी ७१ देशांत एकाच दिवशी झाली. तिचे संयोजन ‘मीडियावॉच’ या कॅनडातील संस्थेने केले होते. बातम्यांतील माणसांत स्त्रियांचे प्रमाण तेव्हा १७ टक्के निघाले. २०२० च्या मोजणीत ते २५ टक्के होते.

मोजणीची ही सवय अध्यासनांच्या योजनेलाही लावली गेली, आणि निकाल लाजिरवाणा होता. पहिल्या काही वर्षांत अध्यासनधारकांत स्त्रिया २० टक्क्यांच्या आतच होत्या. २००३ साली आठ प्राध्यापिकांनी कॅनडाच्या मानवाधिकार आयोगाकडे तक्रार नोंदवली. त्यांत मार्जोरी ग्रिफिन कोहेन, ऑड्री कोबायाशी, वेंडी रॉबिन्स यांच्याबरोबर मॅकगिल विद्यापीठातील भारतीय वंशाच्या श्री मुळे होत्या. दोष केवळ निवड समित्यांच्या मनात नव्हता. अध्यासनांची वाटणीच मुळात अशी होती, की ४५ टक्के निसर्गविज्ञान व अभियांत्रिकीला, ३५ टक्के आरोग्य-संशोधनाला आणि जेमतेम २० टक्के सामाजिक शास्त्रे व मानव्यविद्यांना. ज्या विद्याशाखांत स्त्रिया अधिक, त्यांच्या वाट्याला जागा सर्वांत कमी. हे सूत्र वरवर तटस्थ होते आणि म्हणूनच ते अधिक काळ टिकले.

२००६ साली या तक्रारीवर तडजोड झाली, पण अंमलबजावणी रेंगाळली. २०१७ मध्ये विद्यापीठांना समतेचे कृती-आराखडे करणे बंधनकारक झाले. २०१९ च्या पुरवणी करारात २०२९ पर्यंतची उद्दिष्टे ठरली : स्त्रिया आणि लैंगिक अल्पसंख्य ५०.९ टक्के, वर्णाने गौरेतर २२, दिव्यांग ७.५ आणि मूलनिवासी ४.९. महाराष्ट्रातील वाचकाला हे आरक्षण वाटेल, पण रचना वेगळी आहे. इथल्यासारखी बिंदुनामावली तिथे नाही. एखादी विशिष्ट जागा विशिष्ट गटाची ठरत नाही. उद्दिष्ट संपूर्ण संस्थेच्या एकूण अध्यासनांवर लागू होते. उमेदवाराची ओळख प्रमाणपत्राने नव्हे, तर त्याने स्वतः गोपनीय अर्जात नोंदवलेल्या माहितीवरून धरली जाते. संस्था मागे पडली, तर मात्र नवी नावे त्या गटांतूनच सुचवण्याचे बंधन येते. वर्षानुवर्षे रेंगाळलेली बाब या बंधनाने हलली, एवढे निश्चित म्हणता येते.

उद्दिष्टे ठरली तरी पात्रता जोखण्याचा प्रश्न उरतोच, आणि संपूर्ण विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. १९९७ साली आग्नेस वोल्ड आणि क्रिस्टीन वेनेरोस यांनी स्वीडनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिष्यवृत्त्यांचा हिशेब मांडला. पुरुषाइतके गुण मिळवायला स्त्रीला अडीचपट संशोधन दाखवावे लागत होते. २०१९ साली हॉली विटमन आणि सहकाऱ्यांनी कॅनडाच्याच आरोग्य-संशोधन संस्थेकडे आलेले जवळजवळ २४,००० अर्ज तपासले. संस्थेने आपल्या निधीचे दोन भाग केले होते. एकात परीक्षकांनी मुख्यतः प्रस्तावित संशोधन पाहायचे, दुसऱ्यात मुख्यतः संशोधकाची योग्यता. पहिल्या भागात स्त्रिया आणि पुरुष यांच्या यशातले अंतर ०.९ टक्के-बिंदू होते. दुसऱ्या भागात ते ४ टक्के-बिंदू झाले. वय आणि संशोधनाचे क्षेत्र हिशेबात धरूनही फरक राहिला. म्हणजे काम पाहिले की स्त्रिया जवळपास बरोबरीने उभ्या राहतात, आणि ‘माणूस कसा आहे’ हे विचारले की मागे पडतात. अध्यासनाच्या निवडीत नेमके दुसरेच विचारले जाते : या व्यक्तीत नेतृत्वाची चिन्हे आहेत का? म्हणून अशा निवडीत काळजी सर्वांत जास्त लागते. शिफारसपत्रांतही हेच घडते. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन प्सेंका यांनी २००३ साली एका अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयातील तीनशेहून अधिक पत्रे वाचली. स्त्रियांसाठीची पत्रे आखूड होती, त्यांत शंकेचे सूर जास्त होते, आणि संशोधनापेक्षा अध्यापनाचे कौतुक अधिक होते.

यावर उपाय आहेत आणि ते साधे आहेत. निकष जाहिरातीपूर्वीच लिहून ठेवावेत, अर्ज वाचल्यावर नव्हे. प्रत्येक सदस्याने चर्चेआधी स्वतंत्रपणे मत नोंदवावे. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारावेत. या योजनेत समितीला पक्षपाताविषयीचे प्रशिक्षण घ्यावे लागते. कारकिर्दीत पडलेला खंडही विचारात घ्यावा लागतो. दुसऱ्या श्रेणीसाठी संशोधनाची दहा वर्षे ही मर्यादा आहे. प्रसूती, बालसंगोपन, दीर्घ आजार यांमुळे ती ओलांडली असेल, तर विद्यापीठ कारणे देऊन मान्यता मागू शकते. असा खंड पडलेली माणसे या तरतुदीमुळे शर्यतीत राहू शकतात.

स्त्रीवादी माध्यम-अभ्यासात आणखी एक अडचण आहे. इथले काम नेहमी शोधनिबंधाच्या रूपात येत नाही. माहितीपट, प्रदर्शन, समुदायाबरोबर घडवलेला दस्तऐवज-संग्रह, कार्यशाळा हेही संशोधन असते आणि ते बहुधा अनेक हातांनी झालेले असते. सामाजिक शास्त्रांच्या कॅनेडियन परिषदेने संशोधन आणि कलानिर्मिती यांच्या संयुक्त कामाला २००३ पासून स्वतंत्र अनुदान दिले. नियतकालिकाच्या प्रभावांकावरून संशोधकाची किंमत करू नये, असे सांगणाऱ्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यावर कॅनडाच्या अनुदान-संस्थांनी २०१९ मध्ये सही केली. पण समितीतल्या प्राध्यापकांची सवय कागदावरच्या सहीने बदलत नाही. सामूहिक कामात उमेदवाराचा वाटा कोणता, हे समितीने सरळ विचारावे, आणि सहकार्य जमवण्याची हातोटी हाच नेतृत्वाचा पुरावा मानावा. निबंधांच्या यादीवरून हे कळणार नाही.

नेमणुकीनंतरची व्यवस्थाही निवडीचाच भाग असते. अध्यासनाचा निधी विद्यापीठाला मिळतो. त्यातला काही भाग पगाराकडे वळू शकतो. म्हणून मुलाखतीच्या टप्प्यावरच काही गोष्टी लेखी ठरायला हव्यात : अध्यापनाचा भार किती कमी होणार, खोल्या आणि उपकरणे कोणती, विद्यार्थ्यांच्या मानधनाची तरतूद किती. स्त्रीवादी विषयांच्या अध्यापकांवर, विशेषतः ते गौरेतर असतील तर, समतेसंबंधीच्या सर्व समित्यांचे काम येऊन पडते. आणि ऑनलाइन छळाला तोंड देण्याची वेळ त्यांच्यावर सहज येते, कारण अभ्यासाचा विषयच सार्वजनिक आणि वादाचा असतो. समितीकामाला मर्यादा आणि छळाच्या प्रसंगी विद्यापीठाची कायदेशीर साथ, या दोन्हींचे आश्वासन नेमणुकीच्या पत्रात असलेले बरे.

मुदतवाढ मिळाली तर एकूण १० वर्षे होतात. दुसऱ्या श्रेणीचे अध्यासन म्हणजे पहिल्या श्रेणीची पायरी नव्हे, असे योजनेचे धोरण आहे. १० वर्षांनंतर संशोधक विद्यापीठाच्या कायम प्राध्यापकपदावर राहतो, पण अध्यासन आणि त्याचा निधी संपतो. ती जागा विद्यापीठ दुसऱ्या विषयाकडेही वळवू शकते. त्यामुळे स्टुडिओ, दस्तऐवज-संग्रह आणि तिथे तयार झालेले विद्यार्थी यांचा पुढचा खर्च विभागाच्या नियमित अंदाजपत्रकात केव्हा आणि कसा येणार, हे पहिल्या ५ वर्षांतच ठरवावे लागते.