दमा आणि मैदान
पॉला रॅडक्लिफला १४ व्या वर्षी दमा असल्याचं निदान झालं. २००३ मध्ये तिनेच लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत धावून महिलांचा जागतिक विक्रम केला.

मग शाळेच्या संघातली दमा असलेली मुलं मध्येच धापा का टाकतात? अनेकदा रोजचा पंप चुकलेला असतो. खोकला थांबला की तो बंद, आणि सवय लागली नाही म्हणून घरचेही खूश! खरं तर श्वासनलिकांची सूज उतरवतो तो हाच, स्टेरॉइडचा पंप. तातडीच्या पंपातलं सालब्युटामॉल नळ्या फक्त काही तास मोकळ्या ठेवतं. म्हणूनच ‘जिना’ ही जागतिक मार्गदर्शिका २०१९ पासून सांगते, की १२ वर्षांवरील मुलांना नुसत्या सालब्युटामॉलवर ठेवू नये.

सरावाआधी वॉर्म-अप हवाच. तातडीचा पंप किटमध्ये असावा आणि प्रशिक्षकांना तो कुठे आहे हे ठाऊक असावं.