खेड्यातलं घर आणि उद्याचा डॉक्टर

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील एका निवृत्त डॉक्टरांच्या भाषणाचा संकलित पाठ)



गणपतीच्या मांडवात डॉक्टर बोलायला उभा राहिला की लोकांना वाटतं, आता मोदक कमी खा म्हणून सांगणार. घाबरू नका, मोदकांना मी हात लावणार नाही. आज मला बोलायचंय ते आपल्या घरातल्या मुलामुलींविषयी. नीट पास होऊन ती एमबीबीएसला जातात, आपण पेढे वाटतो. मग पहिल्याच वर्षी मुलगी घरी येऊन सांगते, ‘आई, आम्हाला खेड्यात जायचंय, कुटुंबं दत्तक घ्यायची आहेत.’ आणि आई विचारते, ‘ते कशाला?’ या ‘कशाला’चं उत्तर द्यायचा प्रयत्न मी करणार आहे.

2022 पासून देशभरातल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक कार्यक्रम आला आहे. विद्यार्थ्याकडे खेड्यातली काही कुटुंबं सोपवतात आणि शिक्षण चालू असताना त्यांच्या घरी त्याने पुन्हा पुन्हा जायचं असतं. आपल्याला हे नवं वाटलं तरी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला ही रीत फार जुनी आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 साली, डॉ. सुशीला नायर यांनी तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. नव्या विद्यार्थ्यांनी आधी पंधरा दिवस आश्रमात राहायचं. तिथे प्रार्थना, सूतकताई, श्रमदान. पुढे प्रत्येक तुकडीने एक गाव घ्यायचं, तिथे शिबिरात राहायचं आणि वाट्याला आलेल्या घरांशी नातं टिकवायचं. तिथेच पदव्युत्तर शिक्षण हवं असेल, तर आधी दोन वर्षं ग्रामीण भागात काम करून या, अशी अटही संस्थेने घातली.

‘दत्तक’ हा शब्द मात्र मला खटकतो. दत्तक घेणारा मोठा आणि घेतलेला लहान असतो. इथे अठरा वर्षांचा मुलगा साठीच्या बाबांना दत्तक कसा घेणार? शिकायला तो गेलेला असतो आणि शिकवणारे ते घर असतं.

काय शिकवतं ते घर? निमाड आणि झाबुआ भागात काम करताना माझ्याकडे येणाऱ्या इंटर्न मुलामुलींकडे मी बरीच वर्षं पाहत होतो. त्यातल्या दोन-तीन गोष्टी सांगतो.

एका मुलाने म्हाताऱ्या बाबांना गोळ्या लिहून दिल्या: दिवसातून तीनदा, जेवणानंतर. आठ दिवसांनी पाहिलं तर गोळ्या शिल्लक. मुलगा वैतागला. बाबा शांतपणे म्हणाले, ‘जेवण दोनदाच असतं, तिसरी गोळी कशानंतर घेऊ?’ पुस्तकात डोस होता, घरातली चूल नव्हती. त्यानंतर तो मुलगा प्रत्येक रुग्णाला आधी विचारायचा, ‘दिवसातून किती वेळा जेवता?’

एक मुलगी गरोदर बाईंच्या घरी गेली. लोहाच्या गोळ्यांचं पाकीट कोनाड्यात तसंच पडलेलं. दवाखान्यात त्या ‘घेते’ म्हणाल्या होत्या. घरात सासूबाईंनी खरं कारण सांगितलं: शौचाला काळं होतं म्हणून सून घाबरली, शिवाय मूल मोठं होऊन बाळंतपण अडेल ही भीती. या मुलीने भाषण दिलं नाही. ती सासूबाईंच्या शेजारी बसली, काळं का होतं ते समजावलं, गोळी कधी आणि कशाबरोबर घ्यायची ते ठरवलं. पुढच्या वेळी पाकीट रिकामं होतं, आणि ते दाखवायला सासूबाईच पुढे आल्या. रक्त वाढवायचं तर आधी सासूचा विश्वास मिळवावा लागतो, हे कुठल्या वॉर्डात शिकवणार?

तिसरी गोष्ट क्षयरोगाची. औषध निदान सहा महिने चालतं. पण दिवाळीनंतर फळियेतली निम्मी घरं गुजरातेत मजुरीला जातात. औषध तुटलं की आपण रजिस्टरमध्ये ‘रुग्ण बेपत्ता’ लिहितो. रुग्ण बेपत्ता नसतो, तो पोटामागे गेलेला असतो. झाबुआ-अलीराजपूरचे किती तरी मजूर तिकडच्या दगड दळण्याच्या कारखान्यांतून सिलिकोसिस घेऊन परतले. खोकला आणि दम पाहून त्याला क्षय समजणं सोपं असतं. ‘कामाला कुठे जाता आणि काय करता?’ हा एक प्रश्न तिथे एक्स-रेइतका मोलाचा आहे.

अशा प्रश्नांतूनच फॅमिली डॉक्टर घडतो. इंग्लंडमध्ये तर त्याचं स्वतंत्र प्रशिक्षण असतं. आपल्याकडेही जुन्या इंदुरात असे डॉक्टर होते, आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांची नाडी ओळखणारे. आता गुडघ्याला एक, पोटाला दुसरा, छातीला तिसरा. सगळ्या फायली एकत्र वाचणारा मात्र कुणी नाही.

अडचणी झाकून ठेवून मी तुम्हाला गावाचं गुणगान ऐकवणार नाही. राहायच्या खोलीला धड कडी नसते. रात्री बाळंतीण अडली, रक्त हवं, आणि रक्तपेढी साठ किलोमीटरवर. मुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्न खरा आहे. इंटर्नच्या उशाशी पीजीच्या प्रवेशपरीक्षेचं पुस्तक असतं, कारण त्या परीक्षेत सासूबाईंचा विश्वास मिळवण्याला गुण नाहीत. काहींसाठी दत्तक कुटुंब म्हणजे फॉर्म भरणं आणि फोटो काढणं एवढंच उरतं. बंधपत्राने माणूस गावात पाठवता येतो, त्याचं मन पाठवता येत नाही.

मन कसं जातं, त्याची उदाहरणं महाराष्ट्रात आहेत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केलं आणि गावातल्या, बहुतेक निरक्षर बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बाईला नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं, त्याने बालमृत्यू घटले आणि 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. मेळघाटातल्या बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य घातलं. आपल्या इंदूरच्या डॉ. भक्ती यादव, इथल्या पहिल्या एमबीबीएस महिला डॉक्टर, म्हातारपणापर्यंत गरीब बायकांना मोफत तपासत राहिल्या. 2017 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही सगळी मोठी माणसं. पण प्रत्येक मुलाने आयुष्य वाहून टाकावं असं मी म्हणत नाही. त्याने पुढे खुशाल हृदयरोगतज्ज्ञ व्हावं. मात्र कोनाड्यातलं ते पाकीट एकदा पाहिलेला हृदयरोगतज्ज्ञ चिठ्ठी वेगळी लिहितो.

म्हणून आई-वडिलांना माझ्या तीन विनंत्या आहेत. मुलगी खेड्यातून आली की ‘जेवलीस का?’ याच्या पाठोपाठ ‘आज कुणाच्या घरी गेली होतीस?’ हेही विचारा. तिला निमाडी, माळवी, भिलीचे चार शब्द शिकू द्या. आपण मराठी माणसं इथे येऊन पिढ्यान्‌पिढ्या माळव्याच्या बोलीत मिसळलो, आपल्याला हे जड नाही. आणि तिची राहण्याची सोय, सुरक्षितता यांसाठी पालक म्हणून संघटितपणे भांडा. ‘जाऊ नकोस’ असं तिला सांगू नका. ‘नीट व्यवस्था करा’ असं सरकारला सांगा.

मंडळालाही एक सुचवतो. इथे मुलांच्या गुणवत्तेचा सत्कार होतो, टक्केवारी वाचली जाते. पुढच्या वर्षी त्यातल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याला दहा मिनिटं द्या आणि त्याच्या घरांबद्दल बोलू द्या. ती भाषणं माझ्यापेक्षा चांगली होतील, याची मला खात्री आहे.

 गणपती बाप्पा मोरया!