जॅक उचलतो, धरत नाही
(इंदूर येथे गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दिलेले व्याख्यान)



काल इथे गायन झाले, उद्या मुलांचे नाटुकले आहे, आणि मध्ये आज हा ग्रीस-ऑइलचा विषय. कार्यकारिणीने तो मुद्दाम मागून घेतला. आपल्या कॉलनीत रविवारी सकाळी एक फेरी मारली, तर दोन-तीन फाटकांच्या आत गाडी एका अंगाने उचललेली आणि खालून दोन पाय बाहेर आलेले दिसतात. आम्ही वर्कशॉपातली माणसे. आमची नजर त्या पायांवरून सरळ जॅककडे जाते, आणि गाडीखाली नुसता जॅकच दिसला की पोटात गोळा येतो.

घरी काम करू नका, असे सांगायला आम्ही आलेलो नाही. चाके पुढची मागे करणे, ब्रेकचे पॅड पाहणे, पावसाळ्यानंतर चाकांच्या वरच्या खोबणीत बसलेला चिखल काढणे, ही कामे ज्याचा हात चालतो त्याने जरूर करावीत. फक्त ज्या वजनाखाली आपण हात घालतो, त्याचा अंदाज असावा. लहान गाडी साधारण 800 ते 900 किलोची, मोठी सात जणांची गाडी दीड टनाच्या पुढे. इंजिन पुढे असल्याने वजनाचा मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर. म्हणजे लहान गाडीचे पुढचे एक चाक उचलले, तरी त्या जॅकवर अडीचशे किलोच्या आसपास भार असतो. गव्हाची 50 किलोची पाच पोती एका वितीच्या लोखंडावर तोललेली आहेत, असे समजा. त्या पोत्यांखाली आपण झोपलो असतो का?

गाडीबरोबर जो जॅक मिळतो, तो कात्रीसारखा उघडणारा, मध्ये आट्याचा दांडा असलेला. तो चाक बदलण्यापुरता दिलेला असतो: चाक काढायचे, स्टेपनी चढवायची, गाडी खाली घ्यायची, संपले. त्याचे बूड तळहाताएवढे. दुसरा तेलाचा, म्हणजे हायड्रॉलिक, बाटलीचा किंवा ट्रॉलीचा. त्यात सगळा भार एका बंद जागेतल्या तेलावर आणि एका रबरी सीलवर असतो. सील जुने झाले की गाडी हळूहळू खाली बसते, आणि एखाद्या दिवशी हळूहळू बसत नाही. म्हणून दोन्हींचे काम उचलण्याचे. उचलून धरण्यासाठी जॅक स्टँड निराळे मिळतात, तीन किंवा चार पायांचे, खाच किंवा पिन असलेले. काही मिस्त्री त्यांना घोडी म्हणतात. विकत घेताना त्यावरचा टनांचा आकडा वाचावा. पुष्कळदा तो जोडीचा असतो, एकाचा नव्हे.

आता जमीन. हा मुद्दा माळव्यात सगळ्यात मोठा, म्हणून इथे जरा रेंगाळतो. आपली माती काळी. पाण्याने फुगते, उन्हाने आकसते, भेगा पडतात. तिच्यावर पेव्हर ब्लॉक बसवले तरी खालची वाळू पावसात सरकते आणि ब्लॉक आतून पोकळ राहतो. वरून पायाने दाबून काही कळत नाही. जॅकचे लहानसे बूड त्यावर ठेवून पोत्यांचा भार दिला, की ब्लॉक एका कोपऱ्याने खाली जातो आणि जॅक कलतो. भाद्रपदात, ओल असताना तर नक्कीच. पक्के काँक्रीट असेल तिथेच गाडी घ्यावी. नसेल तर जॅकखाली दीड-दोन इंच जाडीची, फूटभर चौरस सागाची फळी ठेवावी. कोटा फरशीचा तुकडा ठेवणारे आम्ही पाहिले आहेत. फरशी मध्ये उचलली जाते आणि काचेसारखी फुटते.

ट्रॉली जॅकची आणखी एक खोड आहे. त्याचा हात वर जाताना सरळ रेषेत जात नाही, कमानीत जातो. त्यामुळे उचलताना जॅक स्वतःच्या चाकांवर थोडा सरकायला हवा. खडबडीत जमिनीवर ती चाके अडली, की जॅक जागेवर राहतो आणि गाडीलाच ओढतो. म्हणून दोन-चार दांडे मारून थांबावे, वाकून पाहावे, मग पुढे.

उतार. आपल्या घरांना फाटकापासून रस्त्यापर्यंत जो रॅम्प असतो, त्यावर गाडी कधीही उचलू नये. इथे "हँडब्रेक ओढलाय ना" हे उत्तर हमखास येते. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या दोन चाकांना लागतो. मागचे एक चाक हवेत गेले, की धरायला एकच उरले. मग म्हणतात, गाडी गियरमध्ये आहे. आपल्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिन पुढची चाके फिरवते, आणि त्या दोघांमध्ये डिफरन्शियल असते. पुढचे एक चाक उचलले, की ते हवेत मोकळे उलटे फिरते आणि जमिनीवरचे चाक खुशाल घरंगळू शकते. गियर काही करू शकत नाही. ऑटोमॅटिक गाडीतल्या 'पी'चेही तसेच. तेव्हा हँडब्रेकही ओढावा, पहिला गियरही घालावा, आणि शिवाय जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर मारावी. पुढून उचलताना मागच्या चाकांना, मागून उचलताना पुढच्या. सुतार उरलेल्या तुकड्यातून चार पाचरी कापून देतो. गोल दगड चाकाखालून निसटतो, तो नको.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करावेत. वर उचलल्यावर पान्यावर जोर लावणे म्हणजे गाडीला धक्के देणे. गाडीत कोणी बसलेले नको. आजीबाईंना उतरायला सांगायचा संकोच वाटतो, पण उतरवावे.

जॅक नेमका कुठे लावायचा? दाराखालच्या कडेला, पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे, पत्र्याच्या पट्टीत दोन खाचा असतात. त्या दोन खाचांच्या मधला भाग जाड केलेला असतो. तिथेच लावावा. दोन बोटे इकडे-तिकडे झाले तर पत्रा वाकतो, आणि वाकताना जॅक निसटतो. चॅसिसवाल्या गाड्यांची जागा निराळी. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी तर तळालाच पसरलेली, तिथे अंदाजाने जॅक लावणे म्हणजे धोका आणि लाखांचा खर्च. गाडीच्या पुस्तकात चित्र असते. पुस्तक डॅशबोर्डच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेले पडून असते.

उचलून झाले की भरीव, जाड केलेल्या जागेखाली स्टँड लावावा, जॅक सावकाश सोडून भार स्टँडवर येऊ द्यावा, आणि जॅक तिथेच नुसता टेकवून ठेवावा. मग बाहेर उभे राहून गाडी हाताने चांगली हलवावी. पडायची असेल तर तेव्हा पडू दे. काढलेले चाक किंवा स्टेपनी दाराखालच्या कडेखाली आडवी सारून ठेवावी. सगळे फसले तरी थोडी जागा राहते. सीएनजीच्या गाड्यांत स्टेपनी सिलिंडरच्या आड अडकलेली असते, ती आधीच काढून ठेवावी. आणि स्टँड नसतील, तर चाक बदलावे, पण अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली नेऊ नये.

विटांबद्दल वेगळे बोलावे लागते, कारण विटा प्रत्येक अंगणात असतात. वीट पसरलेला भार घेते, भिंतीत म्हणूनच टिकते. तिच्यावर लोखंडाची अरुंद कड टेकली, की ती फुटते, आणि फुटण्याआधी काही सांगत नाही. लाकूड निदान करकरते. आमच्या ओळखीच्या एका घरी गृहस्थ पाना आणायला गाडीखालून बाहेर आले, चहाचा कप उचलला, आणि मागे विटा बसल्या. गाडी डिस्कवर आदळली. त्या घरात आता स्टँड आहेत, पण हे सगळ्यांच्या नशिबी नसते.

आता जे खरे बोलायचे होते ते. आपल्यापैकी अनेकांची मुले पुण्याला, बंगळूरला, परदेशात. घरी दोघेच. काका सत्तरीचे, गाडी पंधरा वर्षांची, हात अजून चांगला. काकू देवळात गेल्या की हे गाडीखाली. गाडी बसली तर छातीवरचा भार श्वास घेऊ देत नाही, हाक मारता येत नाही, आणि मोबाइल आत टेबलावर. म्हणून गाडीखाली जायचे असेल तर घरात किंवा शेजारी कुणीतरी जागे, जवळ आणि सांगितलेले असावे. दर पाच मिनिटांनी "आहात ना?" एवढे विचारायचे. काकूंनी हे आजच ठरवून टाकावे, काकांची परवानगी लागत नाही.

आणि तशी वेळ आलीच, तर माणसाला ओढू नये. आधी जॅक, शेजारच्या गाडीचा दुसरा जॅक, दोन्ही बाजूंनी लावून गाडी वर घ्यावी, ती वर जाईल तशी खाली फळ्या किंवा चाक सरकवत जावे, आणि त्याच वेळी दुसऱ्याने 108 लावावा. पाच-सहा जणांनी हातांनी गाडी उचलायला जावे तर ती पुन्हा हातातून सुटते.

काम झाल्यावर आधी गाडीखालची सगळी हत्यारे मोजून बाहेर काढावीत. मग गाडी खाली घेऊन नट समोरासमोरचे, आळीपाळीने घट्ट करावेत. लहान गाड्यांना साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटर लागते. पान्यावर उभे राहून उड्या मारल्या की नटाचे आटे जातात. पन्नासेक किलोमीटर चालवून पुन्हा एकदा पाना लावून पाहावा. पाचरी आठवणीने काढून ठेवाव्यात; चाकाखाली विसरल्या तर सकाळी गाडी का निघत नाही, म्हणून फोन आम्हालाच येतो.

विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी नऊ वाजता मंडळाच्या मागच्या काँक्रीटच्या अंगणात आम्ही दोन स्टँड, एक ट्रॉली जॅक आणि पाचरी घेऊन येत आहोत. ज्यांना आपल्या गाडीच्या खाचा ओळखायच्या आहेत त्यांनी गाडी आणि ते न उघडलेले पुस्तक घेऊन यावे. गाडीतला जॅकही आणावा. कित्येकांचा गंजून बसलेला असतो, आणि भेरू घाटात टायर बसण्याआधी ते कळलेले बरे.