पाण्याचा हिशेब चावडीवर



मी अर्ध्यावर शाळा सोडलेला माणूस. कामगारांच्या हिशेबवह्या वाचता वाचता जे शिकलो, तेवढ्या भांडवलावर आज संगणक आणि पाणी या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहे.

आपली जासई खाडीकाठची. भरतीचे पाणी बांधाने अडवावे, ओहोटी लागली की उघाडीतून पावसाचे पाणी सोडावे, हे वाडवडिलांचे गणित. भराव पडले, रस्ते उंचावले आणि ते गणित बदलले. नवे गणित संगणक मांडतो. पावसाच्या निचऱ्याचे 'स्वम' हे सॉफ्टवेअर अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९७१ साली करविले. ते कोणालाही फुकट मिळते. परंतु जाते फुकट मिळाले म्हणून पीठ मिळत नाही, दाणे घालावे लागतात. नाल्याचा उतार, तळाचा खडबडीतपणा, उघाडीची उंची, पाऊस, भरती हे ते दाणे. ते एका फाईलीत मांडलेले असतात, आणि ती फाईल बहुधा करणाऱ्याच्याच संगणकात पडून राहते.

याने काय बिघडते? मुंबईच्या कोष्टकातील भरतीची उंची समुद्राच्या सरासरी पातळीहून सुमारे अडीच मीटर खालच्या शून्यापासून मोजलेली असते. जमिनीची मात्र सरासरी पातळीपासून. म्हणजे कोष्टकातली साडेचार मीटरची भरती जमिनीच्या मापाने दोनच मीटर! हा फरक विसरला, तर कागदावर गाव उगाच बुडतो. दोनदा वजा केला, तर बुडणारे घर कोरडे दिसते. आपली चूक आपल्याला दिसत नाही; दुसऱ्या जाणकाराने तीच फाईल चालवून पाहिली की दिसते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तशा दिवशी चुका शोधायला सवड नसते.

संघटनेचा खजिनदार कितीही सचोटीचा असो, हिशेब सभेत वाचतोच. तो अविश्वास नव्हे, रिवाज आहे. तद्वत् फाईल द्यावी ती पुरी द्यावी: कोणता आकडा मोजला, कोणता अंदाजाने धरला, कोणत्या तारखेचा, कोणत्या शून्यापासून.

कोणी म्हणेल, आम्ही घाम गाळला, फुकट का द्यावे? श्रमाचा दाम अवश्य घ्या. त्यासाठी तर मी जन्मभर भांडलो. पण दाम घेणे वेगळे आणि आकडे कुलपात ठेवणे वेगळे.

१९८४ च्या जानेवारीत या भूमीने जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी रक्त दिले. त्याच जमिनीवरून पाणी कुठे जाणार, याचा हिशेब आपल्या मुलांना तपासता यावा, एवढेच माझे मागणे आहे.