राखीव सर्व्हर की सामायिक?



आजचा विषय काहीसा रुक्ष वाटेल. पण ज्यांच्या कचेरीत चार-पाच संगणक एकमेकांस जोडलेले आहेत, त्यांच्या रोजच्या भाकरीशी तो निगडित आहे. हिशेब, पत्रव्यवहार, ग्राहकांची खाती अशा सर्वांना लागणाऱ्या फाइली ज्या संगणकावर ठेवतात, तो फाइल सर्व्हर. त्याने फक्त फाइली पुरवाव्यात, की त्याच्यापुढे बसून कुणी आपले कामही करावे? पहिल्याला आपण राखीव म्हणू, दुसऱ्याला सामायिक.

हा प्रश्न आजचा नव्हे. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील नॉव्हेल कंपनीची नेटवेअर ही प्रणाली कचेऱ्यांतून पसरली. तिच्या २८६ आवृत्तीत दोन्ही सोयी होत्या. संगणक महाग, एक यंत्र नुसते राबवत ठेवणे लहान धंद्याला परवडेना, म्हणून अनेकांनी सामायिक मार्ग धरला. मात्र १९८२ साली आलेल्या इंटेल ८०२८६ या प्रोसेसरचा स्वभाव विचित्र होता. सर्व्हरचे काम तो संरक्षित अवस्थेत करी, तर डॉसचे काम साध्या अवस्थेत. संरक्षित अवस्थेतून साध्या अवस्थेत परतायला सरळ वाटच ठेवलेली नव्हती; प्रोसेसर जणू नव्याने सुरू करावा लागे. या येरझाऱ्यांत वेळ जाई. फाइली हाताशी ठेवायला लागणाऱ्या स्मृतीतही वाटेकरी येई. आणि त्या खुर्चीवरचा एखादा प्रोग्रॅम अडकला, तर साऱ्या कचेरीचे काम ठप्प! १९८९ साली नेटवेअर ३८६ आली, तेव्हा तिने ही सामायिक सोय ठेवलीच नाही.

यावरून सामायिक व्यवस्था टाकाऊ ठरते काय? मुळीच नाही. विंडोज ११ असलेल्या साध्या संगणकावरील फाइली वीस यंत्रांपर्यंत वापरू देण्याची मुभा आहे. दोघातिघांच्या कचेरीला एवढे पुरते.

परंतु माणसे वाढली की अडचण यंत्राची राहत नाही, माणसांची होते. सायंकाळी घरी निघताना एकाने सवयीने संगणक बंद केला, आणि मागे बसलेल्या चौघांची अर्धी पत्रके तशीच राहिली. दोष कुणाचा? संगणक बंद करणे हा त्याचा दोष नव्हे. सर्वांची गोष्ट एकाच्या सवयीवर टांगली, हा व्यवस्थेचा दोष. शिवाय ज्या यंत्रावर दिवसभर अनोळखी पत्रे उघडली जातात, त्याच्याच पोटात सर्वांचे दप्तर ठेवणे शहाणपणाचे नाही.

आज राखीव सर्व्हर म्हणजे पडदा नाही, कळफलक नाही, अशी दोन डिस्कांची एक पेटीही असू शकते. ती कोपऱ्यात ठेवता येते आणि तिच्यापुढे बसायचा मोह कुणाला होत नाही. पण पेटी आणली म्हणजे चिंता मिटली असे मानू नये. दोन डिस्कांवर तीच फाइल असली, तरी चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून पुसली जाते. म्हणून व्यवस्था कोणतीही असो, एक प्रत कचेरीबाहेर हवीच. आणि ती उघडते की नाही, हे अधूनमधून पाहायलाच हवे.

सारांश, निवड करताना यंत्राची किंमत जरूर विचारा. पण त्याआधी, ते एक दिवस बंद पडले तर कितीजण हात बांधून बसतील, हे मोजा. उत्तर त्या आकड्यात मिळेल.