आनंदासाठी विद्याव्यासंग



परीक्षा आटोपली की पुस्तक मिटावयाचे, अशी आपल्या घरांतून रूढीच पडून गेली आहे. नोकरी लागली, यथाकाल निवृत्तीही झाली. आता विद्येचे प्रयोजन काय, असे सहज विचारले जाते. या प्रश्नाचे उत्तर गोमंतकाच्याच एका सुपुत्राने आपल्या चरित्राने देऊन ठेविले आहे.

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली सांखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण बेताचे. घरच्या माडांची देखरेख हाच व्यवसाय. एका मराठी मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले आणि मनाने एकच ध्यास घेतला : हा धर्म मुळातून जाणून घ्यावयाचा. त्यासाठी कोणत्याही विद्यापीठाने त्यांना अभ्यासक्रम आखून दिला नव्हता. १८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. काशीस अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृत आत्मसात केले; १९०२ साली सिंहलद्वीपास जाऊन पाली शिकले; पुढे ब्रह्मदेशात ध्यानाभ्यास केला. आधी प्रश्न, मग भाषा, मग ग्रंथ आणि शेवटी अनुभव, असा तो क्रम आपोआप सिद्ध झाला. पदवी नसलेल्या या गृहस्थास पुढे हार्वर्ड विद्यापीठाने ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाच्या संशोधनकार्यासाठी पाचारण केले. फर्ग्युसन महाविद्यालयात आणि अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठातही त्यांनी अध्यापन केले.

तथापि या व्यासंगाचे मोलही ध्यानी घेतले पाहिजे. पत्नी बाळाबाई व तान्ही कन्या गावीच राहिल्या. कित्येक वर्षांच्या त्या वियोगाचा भार त्यांनी वाहिला. प्रापंचिकाने अनुकरण करावयाचे ते गृहत्यागाचे नव्हे, जिज्ञासेचे.

ती जिज्ञासा घरी राहूनही जोपासता येते. गोव्याहून दूर, सुरतेजवळ कोसाडला स्थायिक झालेल्या कुळाव्यास याचा दाखला तापीपलीकडेच मिळेल. सुरतेचे कवी नर्मद (१८३३–१८८६) यांना पिंगळशास्त्र शिकावयाचे होते. त्या विषयाचे एक हस्तलिखित शहरातील एका गवंड्याजवळ होते, पण तो ते हातावेगळे करीना. तेव्हा नर्मद त्याच्या घरी जाऊन बसले आणि नक्कल उतरून घेतली. एका विद्वान कवीला गवंड्याच्या ओसरीवर विद्यार्थी होण्यात कमीपणा वाटला नाही. पुढे याच पुरुषाने ‘नर्मकोश’ हा गुजराती शब्दकोश एकहाती रचून १८७३ साली पूर्ण प्रसिद्ध केला.

अशा कुळाव्याने आपला अभ्यासक्रम कसा आखावा? विषय जवळचा घ्यावा. गुजराती बोली कानांवरून रोज जाते, पण पुष्कळांना ती वाचता येत नाही. शिरोरेघ नसलेली ती लिपी देवनागरी जाणणारास अल्पावधीत साधते. प्रथम अक्षरे, मग दुकानांवरच्या पाट्या, मग वर्तमानपत्राचे एक पान, आणि सरतेशेवटी नर्मदांचे आत्मचरित्र ‘मारी हकीकत’, अशा पायऱ्या ठेवाव्यात. वेळ अर्धा तासच असावा, परंतु ठरलेला असावा. अडल्यास शेजाऱ्यास विचारावे. शाळेत जाणाऱ्या नातवंडास गुरू करण्यातही संकोच नसावा. ज्या सुनेला दिवसभर उसंत नाही, तिच्यासाठीही घरच्यांनी हा अर्धा तास राखून ठेवावा. नाही तर विद्येचा आनंद पुन्हा एकाच्या वाट्यास आणि भार दुसऱ्याच्या, असे व्हावयाचे.

आणखी एक पथ्य आहे. सयाजीराव गायकवाडांनी कोसंबींना दरमहा ५० रुपये वेतन दिले, ते वर्षाकाठी एक पुस्तक लिहून देण्याच्या अटीवर. आपणही वर्षअखेर चार पाने लिहावीत. काय कळले आणि काय राहिले, हे लिहिताना स्वच्छ दिसते. त्या पानांना गुण देणारा कोणी परीक्षक नसेल. परंतु राहिलेल्या गोष्टींतूनच पुढील वर्षाचा अभ्यासक्रम तयार होईल.