ऑफिसचा लॅपटॉप: ॲडमिनला नक्की काय दिसतं?

हा भाग तुम्ही स्वतःच्या फोनवर ऐकत असाल तर उत्तम. ऑफिसच्या लॅपटॉपवर वाचत असाल तरी हरकत नाही. फक्त त्याची नोंद कुठेतरी झाली असेल, एवढं लक्षात ठेवा!

मी इंजिनियर झाल्यापासून मित्र एक प्रश्न हमखास विचारतात. "अरे, ऑफिसच्या लॅपटॉपवर मी काय बघतो ते आयटीवाल्यांना दिसतं का रे?" माझं उत्तर ठरलेलं असतं. दिसू शकतं. कोणी मुद्दाम बघत बसलंय का, तर बहुतेक वेळा नाही. पण मुद्दाम न बघताही काय होतं, ते सांगतो.

माझ्या आधीच्या कंपनीत आमचा एक सर्व्हर बाहेरून पॅकेज डाउनलोड करेना. प्रॉक्सीमध्ये काहीतरी अडतंय असा संशय होता. आयटी टीमला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी मलाच आठवडाभर प्रॉक्सीचे लॉग बघायचा ॲक्सेस दिला. मी लॉग उघडले आणि स्क्रोल करायला लागलो. प्रत्येक ओळीत युजरचं नाव, वेळ आणि साइटचं नाव. मध्येच माझ्या शेजारच्या डेस्कवर बसणाऱ्या सहकारी मुलीचं नाव आलं. पुढे एका आयव्हीएफ सेंटरची साइट. दोन दिवसांनी पुन्हा तीच.

मी काही शोधत नव्हतो. तिने काही चुकीचं केलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटं एक साइट बघितली, बस. पण मला ते कळलं, आणि कळलेलं विसरता येत नाही. काही महिन्यांनी एका मीटिंगमध्ये लीड म्हणाला, "हल्ली तिचं लक्ष नसतं, सुट्ट्या पण फार घेते." मी गप्प बसलो. कारण सांगणं शक्यच नव्हतं. "तिची कामं वेळेत होतायत" एवढं तरी म्हणता आलं असतं, पण ते सुचलं घरी गेल्यावर. आजही टोचतं ते.

तर आता तांत्रिक भाग. नक्की काय दिसतं?

आधी नेटवर्क. साइटच्या पत्त्यात एचटीटीपीएस असलं की आतला मजकूर बंद लिफाफ्यात जातो. पण लिफाफ्यावरचा पत्ता, म्हणजे साइटचं नाव, साधारणपणे दिसतोच. आणि हॉस्पिटलचं किंवा जॉब पोर्टलचं नुसतं नाव पुरेसं बोलकं असतं. शिवाय ऑफिसच्या लॅपटॉपवर कंपनीने स्वतःचं रूट सर्टिफिकेट टाकलेलं असेल, तर कंपनीची प्रॉक्सी तो लिफाफा मध्येच उघडू शकते, तपासू शकते आणि परत चिकटवून पुढे पाठवू शकते. हे तुम्हाला बघता येतं. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या बाजूच्या चिन्हावर क्लिक करा, सर्टिफिकेट उघडा, ते कोणी दिलंय ते वाचा. तिथे तुमच्या कंपनीचं किंवा झेडस्केलरसारख्या सिक्युरिटी प्रॉडक्टचं नाव दिसलं, तर लिफाफा वाटेत उघडला जातोय. बऱ्याच कंपन्या बँकेच्या आणि आरोग्याच्या साइट्स यातून वगळतात. पण वगळायचं की नाही, हे तुम्ही ठरवत नाही.

"मी इन्कॉग्निटो वापरतो," असं कोणी म्हटलं की मला हसू येतं. इन्कॉग्निटो फक्त त्या ब्राउझरमध्ये हिस्टरी ठेवत नाही. नेटवर्कला त्याने काही फरक पडत नाही.

दुसरं, लॅपटॉप स्वतः. इंट्यून किंवा जॅम्फसारख्या सॉफ्टवेअरमधून ॲडमिनला कोणती ॲप्स टाकलीत ते दिसतं, आणि लॅपटॉप दुरून पुसताही येतो. काही कंपन्या याच्या पुढे जाऊन स्क्रीनशॉट घेणारी, टाइप केलेलं टिपणारी सॉफ्टवेअर बसवतात. असं काही असेल तर व्हॉट्सॲप वेबचं एंड-टू-एंड एन्क्रिप्शन कामाचं नाही. मेसेज वाटेत सुरक्षित असतो हो, पण स्क्रीनवर तो उघडाच असतो ना!

तिसरं, ऑफिसचा मेल आणि चॅट. टीम्स असो, स्लॅक असो, गूगल वर्कस्पेस असो, योग्य प्लॅन आणि अधिकार असतील तर कंपनीला खाजगी चॅटसुद्धा काढता येतात. रिटेन्शन चालू असेल तर तुम्ही डिलीट केलेला मेसेजही मागे राहतो.

आणि तुमचा स्वतःचा फोन? अँड्रॉइडवर वर्क प्रोफाइल असेल तर ॲडमिनचा अधिकार त्या प्रोफाइलपुरता. तुमचे फोटो, मेसेज त्याला दिसत नाहीत.

आता कायद्याचं बघू. रोमानियात बर्बुलेस्कू नावाचे एक इंजिनियर होते. ऑफिसच्या कामासाठी उघडलेल्या याहू मेसेंजरवर ते भावाशी आणि होणाऱ्या बायकोशीही बोलले. कंपनीने ते संभाषण वाचलं आणि २००७ मध्ये त्यांना काढलं. प्रकरण युरोपियन मानवाधिकार न्यायालयात गेलं. ५ सप्टेंबर २०१७ ला मोठ्या पीठाने ११ विरुद्ध ६ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. कंपनीने बघूच नये, असं कोर्ट म्हणालं नाही. प्रश्न हे होते: आधी सांगितलं होतं का? किती बघितलं? गरज होती का? कमी बघून भागलं असतं का?

आपल्याकडेही त्याच वर्षी, २४ ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातलं कलम ७ नोकरीच्या कारणासाठी आणि कंपनीचं नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा देतं. त्यामुळे फक्त कायद्याच्या भरवशावर राहू नका.

मग करायचं काय? डॉक्टर, बँक, दुसरी नोकरी, घरचं भांडण, हे सगळं स्वतःच्या फोनवर आणि स्वतःच्या मोबाइल डेटावर. ऑफिसच्या क्रोममध्ये स्वतःचं गूगल अकाउंट सिंक करू नका, नाहीतर घरचे पासवर्ड आणि हिस्टरी आपणच तिथे नेऊन ठेवतो. आणि एचआरला किंवा आयटीला सरळ विचारा: काय नोंदवलं जातं, कोण बघू शकतं, किती दिवस ठेवतात? लपवण्यासारखं काही नसलं तरी विचारा. माझ्या सहकारी मुलीकडेही लपवण्यासारखं काही नव्हतं. सगळ्यांना सांगण्यासारखं नव्हतं, एवढंच.

शेवटी, ऐकणाऱ्यांपैकी कोणी ॲडमिन असेल तर तुमच्यासाठी. मला एका सर्व्हरच्या ओळी हव्या होत्या, मिळाल्या अख्ख्या टीमच्या. देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, माझाही नव्हता. पुढच्या वेळी कोणाला ॲक्सेस द्याल तेव्हा एक फिल्टर जास्त लावा. तुमची दोन मिनिटं जातील, पण कोणाची तरी गोष्ट तिच्याकडेच राहील.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!